मौत का कुआँ ते आइल ऑफ मॅन

नांदेड-लातूरच्या माणसाला मोटरसायकल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ती दुधाचे कॅन नेते, खताचं पोतं नेते, शिकवणीसाठी लातूरला खोली करून राहिलेल्या पोराचा डबा नेते. लग्नसराईत तर नवरा-बायको, दोघांच्या मधे एक लेकरू आणि टाकीवर दुसरं, असं अख्खं घर नेते. शर्यतीत धावताना मात्र आपण तिला कधी पाहिलेलं नाही.

शर्यत आपल्याला नवी आहे असं नाही. शंकरपटाचा धुरळा या भागाने पिढ्यान्‌पिढ्या अंगावर घेतला आहे. २०१४ साली न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली तेव्हा गावोगाव सुतक पडलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा गुलाल उधळला गेला. नांदेडात दसऱ्याला हल्लाबोल मिरवणुकीत घोडे सुटतात, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाच्या छातीत काय होतं हे नांदेडकरच जाणे. पण इंजिनाची शर्यत? तिचा इतिहास दूर दक्षिणेत घडला. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती, तिथे वर्षानुवर्षं गाड्या पळाल्या. १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टईला खास शर्यतींसाठी बांधलेला ट्रॅक आला, पुढे कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे झाला, २०११ मध्ये ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट उभं राहिलं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे मोटोजीपी या मोटरसायकलच्या जागतिक स्पर्धेची फेरी झाली आणि इटलीचा मार्को बेझेक्की ती जिंकला. आपल्या राज्यात म्हणाल तर जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मातीचे उंचवटे रचून सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी भरली. पण पुणं म्हणजे आपल्याला रात्रभराची ट्रॅव्हल्स. शर्यत बघायला तेवढा खर्च करणारे हौशी असतीलही, बाकीच्यांची शर्यतीशी भेट पडद्यावरच होते.

ती भेट बरी व्हावी म्हणून ही पुस्तिका. पुढच्या पानांत ज्या चित्रपटांची आणि माहितीपटांची ओळख करून दिली आहे, ते निवडताना मी एकच कसोटी लावली. गाडी ट्रॅकवरून उतरली की कॅमेरा कुठे जातो? तो फक्त बक्षिसाच्या मंचावर आणि शँपेनच्या फवाऱ्यात गेला तर तो चित्रपट एकदा बघून विसरण्यासारखा. तो गॅरेजात गेला, स्वयंपाकघरात गेला, इस्पितळाच्या बाकड्यावर जाऊन बसला, तर थांबून बघण्यासारखा. वेग सगळ्यांकडेच असतो. त्या वेगाचं बिल कुणाच्या नावावर फाटतं, हे सांगणारे फार थोडे.

या भागातल्या माणसाने मोटरसायकलचा खेळ मुळीच पाहिलेला नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. लोह्याच्या पुढे माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड, आकाशपाळणे, आणि या सगळ्याच्या गर्दीत फळ्यांची एक भलीमोठी गोल टाकी: मौत का कुआँ. जिना चढून वर जायचं, कठड्याला धरून खाली वाकायचं. खाली एक मिशीवाला माणूस जुनाट यामाहाला किक मारतो, आधी तळाच्या उतरत्या फळ्यांवरून फिरतो आणि बघता बघता उभ्या भिंतीवर आडवा होतो. वरून कुणी दहाची, वीसची नोट धरली की तो एका हाताने ती काढून घेतो. डोक्यावर शिरस्त्राण नाही, सायलेन्सरची तर गोष्टच सोडा. फळ्या आपल्या हाताखाली थरथरतात आणि त्या थरथरण्याचे पैसे आपण दिलेले असतात. यात जादू नाही. गोल फिरणाऱ्या गाडीला भिंत सतत आत ढकलत असते आणि जितका वेग जास्त, तितका टायर भिंतीला घट्ट चिकटतो. वेग कमी झाला की तो चिकटा सुटतो. म्हणून या खेळात घाबरून एक्सलेटर सोडणं हीच सगळ्यात धोक्याची गोष्ट.

या कुव्याचं खानदान थेट शर्यतीतून आलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लाकडी फळ्यांचे गोल ट्रॅक बांधत, कडेला उंच उचललेले. त्यांवर बिनब्रेकच्या मोटरसायकली धावत आणि सांडलेल्या तेलावरून घसरत. १९१२ मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्कला अशा ट्रॅकवर गाडी प्रेक्षकांत घुसली, स्वारांबरोबर बघणारेही गेले आणि वर्तमानपत्रांनी या ट्रॅकना खुनी ठरवलं. मोठे ट्रॅक पुढे ओस पडले, पण त्यांचं धाकटं भावंड, म्हणजे जत्रेत नेता येईल एवढी गोल भिंत, जगभर फिरत राहिलं. त्या वंशावळीची एक फांदी माळेगावात येऊन टेकली आहे.

या भिंतीवर एक फार गोड आयरिश चित्रपट आहे, १९८६ चा, पीटर ऑर्मरॉडचा ‘ईट द पीच’. गावातला कारखाना बंद पडतो, दोन मित्र बेकार होतात. व्हिडिओवर एल्व्हिस प्रेस्लीचा ‘राउस्टअबाउट’ बघतात, त्यात अशी भिंत दिसते, आणि हे दोघं आपल्या परसात ती बांधायला घेतात. लाकूड कुठून आणायचं, पैसे कुठून आणायचे, बायको काय म्हणेल, सगळा चित्रपट याच भानगडीचा. त्याला खऱ्या माणसाच्या खटाटोपाचा आधार आहे. एमआयडीसीतला प्लांट बंद पडल्यावर पारावर बसलेली पोरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या चित्रपटातलं हसू आणि त्याच्या आतली चुटपुट दोन्ही कळेल. सबटायटल मिळालं नाही तरी बघा.

आता ‘धूम’कडे वळायला हवं, कारण तो टाळला तर वाचक मला माफ करणार नाहीत. २००४ च्या ऑगस्टमध्ये तो आला आणि जॉन अब्राहमच्या हायाबुसाने आपल्याकडच्या टॉकीजमध्ये शिट्ट्या घेतल्या. खरं तर तो शर्यतीचा चित्रपट नाही, चोरीचा आहे, मोटरसायकली त्यात पळून जायला वापरल्या आहेत. पण त्याने शिकवलेलं व्याकरण पक्कं बसलं: गाडी म्हणजे पुढचं चाक वर, मागे पोलीस आणि खाली दरी. त्यानंतर दहा-वीस वर्षं आपल्या पोरांनी जे केलं, त्यातलं बरंच या व्याकरणात बसतं. बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर बसवायचा, रिंग रोडला कट मारत जायचं आणि मित्राने त्याचं रील काढायचं. राज्यातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घातले. त्याचेही व्हिडिओ झाले आणि बहुतेक तेच जास्त बघितले गेले.

हिंदी पडद्याला गाडीची हौस फार आधीपासूनची. ‘बॉबी’तली ती बुटकी राजदूत, ‘शोले’तली साइडकारवाली बीएसए. पण तिथे गाडी म्हणजे गाणं. मराठीत ‘सैराट’च्या आर्चीने बुलेटला किक मारली, तेव्हा पहिल्यांदा गाडी हे एका पोरीचं म्हणणं झालं, आणि त्या एका दृश्यात जो धोका आहे तो ‘धूम’च्या तिन्ही भागांत मिळून नाही. मला विचाराल तर भारतातला मोटरसायकलवरचा सगळ्यात चांगला चित्रपट तमिळ आहे: २००७ चा ‘पोल्लादवन’, वेट्रिमारनचा पहिलाच. धनुषने केलेला एक उनाड पोरगा बापाच्या पैशातून पल्सर घेतो, त्या पल्सरने त्याला नोकरी मिळते, पोरगी मिळते, घरात किंमत येते, आणि मग ती चोरीला जाते. शर्यत त्यात नाही, म्हणून या पुस्तिकेत त्याला स्वतंत्र पान दिलेलं नाही. पण हप्त्यावर गाडी घेणाऱ्या घराला एका गाडीचं मोल काय असतं, हे एवढं नेमकं दुसऱ्या कुणी दाखवलेलं मला आठवत नाही. शर्यतच हवी असेल तर २०१४ चा मल्याळम ‘बँगलोर डेज’ बघा. दुलकर सलमानचा अज्जू बंदी घातलेला रेसर आहे आणि अंजली मेननने त्याच्या गाडीइतकंच त्याच्या तुटलेल्या घराकडे लक्ष दिलं आहे.

गॅरेजची खरी गोष्ट मात्र न्यूझीलंडची आहे. रॉजर डोनाल्डसनचा २००५ चा ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’. नावावरून गैरसमज नको, इंडियन ही मोटरसायकल बनवणारी अमेरिकन कंपनी. बर्ट मन्रो नावाच्या माणसाने १९२० मध्ये तिची स्काउट ही गाडी घेतली. ६०० सीसीची, फार तर ताशी ८८ किलोमीटर पळणारी. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं तो तीच गाडी सुधारत राहिला. नवे पार्ट परवडत नव्हते, म्हणून पत्र्याच्या जुन्या डब्यांच्या साच्यात पिस्टन ओतायचा. कनेक्टिंग रॉड हवा तर ट्रॅक्टरच्या ॲक्सलचं पोलाद घेऊन हाताने घासायचा. फुटलेले, जळालेले पार्ट त्याने फेकले नाहीत, फळीवर मांडून ठेवले. नांदेडच्या जुन्या मोंढ्याकडे किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपासच्या गल्लीत ज्याने लेथवर वाकलेला मिस्त्री पाहिला आहे, त्याला हा माणूस परदेशी वाटणारच नाही. फरक एवढाच की आपला मिस्त्री दुसऱ्याच्या गाडीसाठी हे करतो आणि संध्याकाळी हात पुसून घरी जातो.

१९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, मन्रोने अमेरिकेतल्या बॉनव्हिल इथल्या मिठाच्या मैदानावर १००० सीसीखालच्या गटात विक्रम केला. तो आकडा नंतर कागदावर चुकीचा नोंदला गेल्याचं त्याच्या मुलाच्या लक्षात आलं आणि २०१४ मध्ये तो दुरुस्त झाला: ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर. मन्रो त्याआधीच, १९७८ मध्ये, वारला होता. चित्रपटात ॲंथनी हॉपकिन्स हा म्हातारा झाला आहे आणि त्याने तो असा केला आहे की आपल्या ओळखीतल्या एखाद्या बहिऱ्या, हट्टी काकांची आठवण यावी. चित्रपट खऱ्याशी लाडीगोडी करतो हे खरं. मन्रोच्या अनेक वर्षांच्या फेऱ्यांची त्याने एकच सफर केली आहे आणि त्याची बायको-मुलं गाळून टाकली आहेत. त्या गाळलेल्या घराची मला जरा खंत वाटते, कारण पन्नास वर्षं शेडमध्ये राहणाऱ्या नवऱ्याच्या बाईची गोष्ट हाही एक चित्रपट झाला असता. डोनाल्डसनने मन्रो हयात असताना, १९७१ मध्ये, त्याच्यावर एक माहितीपट केला होता, ‘ऑफरिंग्ज टू द गॉड ऑफ स्पीड’. मिळाला तर तो आधी बघा. खऱ्या मन्रोचा आवाज ऐकल्यावर हॉपकिन्सचं कौशल्य जास्त कळतं.

त्याच वर्षी अमेरिकेत ब्रूस ब्राउनचा ‘ऑन एनी संडे’ आला. मोटरसायकलवरच्या माहितीपटांचा हा आजोबा. त्याआधी ब्राउनने समुद्राच्या लाटांवर स्वार होणाऱ्या पोरांवर ‘द एंडलेस समर’ केला होता. आता मोटरसायकलसाठी त्याला पैसे दिले ते अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनने, आणि मॅक्वीन स्वतः यात धुळीत गाडी घालतो. त्या काळी गाडीवाले म्हणजे गुंड अशी अमेरिकेची पक्की समजूत होती. ब्राउनने दाखवले ते रविवारी सकाळी गाडी ट्रकात टाकून शेताडात जाणारे सुतार, दुकानदार, बाप आणि मुलं. सुरुवातीलाच लहान पोरं सायकलींवर तोंडाने इंजिनाचा आवाज काढत शर्यत लावतात. जुना टायर काठीने पळवत तोंडाने भुर्र करत गेलेली आपली पोरं यापेक्षा वेगळी नव्हती. पण या माहितीपटाचा कणा आहे मर्ट लॉविल. १९६९ चा राष्ट्रीय विजेता, १९७० मध्ये पहिला क्रमांक राखायला निघालेला, आणि वर्षभर त्याची गाडी त्याला दगा देते. जिंकणाऱ्याच्या मागे न धावता हरणाऱ्याबरोबर व्हॅनमध्ये बसून गावोगाव फिरण्याची बुद्धी ब्राउनला झाली, म्हणून पन्नास वर्षांनंतरही हा माहितीपट ताजा आहे. त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं.

ब्राउनचा एक उद्योग सांगायलाच हवा. मंद गतीची दृश्यं टिपणारे महागडे कॅमेरे त्याला परवडत नव्हते. मग १२ व्होल्टच्या कॅमेऱ्यांना त्याने २४ व्होल्टच्या बॅटऱ्या जोडल्या. कॅमेरा दुप्पट जोरात पळाला आणि पडद्यावर धूळ तरंगायला लागली. आपल्याकडे याला जुगाड म्हणून नाक मुरडतात, तिकडे अभ्यासक्रमात शिकवतात.

इथे वेगाबद्दल थोडं बोलतो, कारण पहिल्यांदा मोटोजीपी बघणारे बरेच जण निराश होतात. गाडी ताशी साडेतीनशेने जाते म्हणे, आणि टीव्हीवर ती सरपटल्यासारखी दिसते. दोष डोळ्यांचा नाही. ट्रॅकच्या कडेला लांब भिंगाचा कॅमेरा असतो, तो अंतर चेपून टाकतो. शिवाय आधुनिक ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना पडणाऱ्यासाठी मोकळी जागा सोडलेली असते आणि वेग कळायला जवळ काहीतरी उभं लागतं: झाड, खांब, भिंत, माणूस. रेल्वेत बसून दूरचा डोंगर बघितला तर गाडी थांबल्यासारखी वाटते, रुळालगतचे खांब बघितले तर छाती धडधडते, तसंच हे. दिग्दर्शकांनी यावर नाना उपाय केले. कॅमेरा शिरस्त्राणावर बांधला, गाडीच्या शेपटीला लावला, पुढे तर असा कॅमेरा आला की गाडी वळणावर जमिनीला टेकली तरी क्षितिज सरळ राहतं आणि गाडीच तिरपी होताना दिसते. तरी सगळ्यात भेदक वेग दिसतो तो जिथे ट्रॅकच नाही तिथे, म्हणजे घरादारांमधून जाणाऱ्या साध्या रस्त्यावर.

तो रस्ता आहे आयर्लंड आणि इंग्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन बेटावर. १९०७ पासून तिथे टीटी नावाची शर्यत होते आणि १९११ पासून ती डोंगराच्या रस्त्यावरून जाते. एक फेरी ६०.७ किलोमीटरची. लातूरहून निघून चाकूर मागे टाकत अहमदपूरच्या आसपास पोचावं, साधारण एवढी. दोनशेहून जास्त वळणं, दगडी कुंपणं, टपालपेट्या, दिव्यांचे खांब, लोकांची फाटकं. हे अंतर पीटर हिकमनने २०२३ मध्ये साडेसोळा मिनिटांच्या आसपास तोडलं. सरासरी ताशी २१९ किलोमीटर. आता तोच वेग आपल्या ३६१ क्रमांकाच्या महामार्गावर कल्पून बघा, मधे ऊसाचा ट्रॅक्टर नाही असं गृहीत धरून. आजवर या रस्त्यावर अडीचशेहून जास्त स्वार मेले आहेत आणि शर्यत चालूच आहे.

यावर २०११ चा ‘टीटी थ्रीडी: क्लोजर टू द एज’ हा माहितीपट आहे. त्याचा नायक म्हणावा असा गाय मार्टिन पेशाने ट्रक दुरुस्त करणारा मिस्त्री, चहाबाज, सुसाट बोलणारा, आणि टीटी एकदाही न जिंकलेला. २०१० च्या स्पर्धेत इयन हचिन्सन एका आठवड्यात पाच शर्यती जिंकतो, पण कॅमेरा मार्टिनला सोडत नाही. मार्टिनची गाडी पेट घेते, तो वाचतो. त्याच आठवड्यात न्यूझीलंडचा पॉल डॉब्स वाचत नाही. आणि मग त्याची बायको ब्रिजेट कॅमेऱ्यासमोर बसते. ती रडत नाही, आयोजकांना शिव्या घालत नाही, नवऱ्याला दोषही देत नाही. मला ते ऐकताना राग आला होता, आणि तो राग नेमका कुणावर होता हे अजून उलगडलेलं नाही. वाचकाने स्वतः बघून ठरवावं. हाच मार्टिन २०१६ मध्ये एका भल्याथोरल्या भिंतीच्या आत, टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू असताना, ताशी ७८.१५ मैलांनी आडवा फिरला. मौत का कुव्याचा जागतिक विक्रम ट्रक-मिस्त्रीच्या नावावर लागला, हे माळेगावच्या त्या मिशीवाल्याला कळलं तर तो काय म्हणेल?

पण एकच माहितीपट बघायचा असेल तर २०१४ चा ‘रोड’ बघा. लियाम नीसनच्या आवाजात उत्तर आयर्लंडच्या डनलॉप घराण्याची गोष्ट. दोन भाऊ, जोई आणि रॉबर्ट. जोई बॅलिमनी गावचा, दारूचा गुत्ता चालवणारा, मुलाखतीला लाजणारा, आणि टीटीत २६ वेळा जिंकलेला. शर्यती नसल्या की व्हॅनमध्ये कपडे आणि खाणं भरून एकटाच रुमानिया, बोस्नियाच्या अनाथालयांकडे निघायचा. २००० सालच्या जूनमध्ये, ४८ व्या वर्षी, त्याने एका आठवड्यात तीन शर्यती जिंकल्या आणि महिनाभरात, २ जुलैला, एस्टोनियात तालिनच्या रस्त्यावर झाडावर आदळून गेला. धाकटा रॉबर्ट १९९४ मध्ये गाडीचं चाक मोडून जायबंदी झाला होता, तरी परत उभा राहिला. १५ मे २००८ रोजी नॉर्थ वेस्ट २०० च्या सरावात तो गेला. दोन दिवसांनी त्याच शर्यतीच्या रांगेत त्याची दोन मुलं, विल्यम आणि मायकल, गाड्या घेऊन उभी राहिली. आयोजकांनी अडवलं, पोरं ऐकेनात. विल्यमची गाडी सुरुवातीलाच बंद पडली. मायकल जिंकला.

आपल्या संस्कृतीत बापाच्या सुतकातला दुसरा दिवस म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. चूलही पेटत नाही. तिथे तो पोरगा बापाला मारणाऱ्या रस्त्यावर बापाच्याच खेळात उतरतो. याला काय म्हणायचं? शोक, वेड, हट्ट, की त्या घराला दुसरी कुठली भाषाच येत नव्हती? ‘रोड’ उत्तर देत नाही, फक्त त्या दिवशीचे चेहरे दाखवतो. माहितीपट संपल्यानंतरचा भाग वाचकाला इथे सांगतो: २०१८ मध्ये आयर्लंडमधल्या एका शर्यतीच्या सरावात विल्यमही गेला. मायकल अजून धावतो. २०२४ मध्ये त्याने काकाचा २६ विजयांचा विक्रम मोडला. हे ठाऊक असताना ‘रोड’ बघणं कठीण जातं, तरी ठाऊक असलेलं बरं.

ट्रॅकवरच्या मोटोजीपीसाठी मार्क नीलचे माहितीपट पुरेत. ‘फास्टर’ हा २००३ चा, इवन मॅग्रेगरच्या निवेदनाचा, टू-स्ट्रोक गाड्या जाऊन फोर-स्ट्रोक आल्या त्या संधिकाळाचा. ज्यांनी आरएक्स १०० चा टणटणीत आवाज जाताना ऐकला आहे, त्यांना या माहितीपटातली हुरहुर आपली वाटेल. ‘हिटिंग द एपेक्स’ हा २०१५ चा, ब्रॅड पिटच्या आवाजातला. रोसी, स्टोनर, लोरेन्झो, पेद्रोसा, मार्केझ आणि सिमोन्सेली असे सहा जण त्यात आहेत. कुरळ्या केसांचा मार्को सिमोन्सेली २०११ मध्ये मलेशियातल्या सेपांगला पडला आणि मागून येणाऱ्या गाड्यांखाली आला. वय २४. त्याचे वडील पाओलो आज मुलाच्या क्रमांकाच्या नावाने संघ चालवतात आणि कोवळ्या पोरांना शर्यतीत उतरवतात. नीलच्याच आणखी एका माहितीपटात केंटकीचा निकी हेडन आहे. तो जगज्जेता ट्रॅकवर बचावला आणि २०१७ मध्ये इटलीत साध्या रस्त्यावर सायकल चालवताना मोटारीच्या धडकेने गेला. आपल्याकडच्या घाटांत आणि चौकांत रोज काय होतं हे ज्याला माहीत आहे, त्याला यात नवल वाटू नये. अलीकडे ओटीटीवर आलेल्या मोटोजीपीच्या मालिका मी जाणूनबुजून मागे ठेवल्या आहेत. त्या चकचकीत आहेत, पण त्यांत प्रत्येकाच्या शर्टावर कंपनीची नावं आहेत आणि बोलणंही बऱ्याचदा त्या शर्टासारखंच.

मग आपलं काय? गोष्टींचा तुटवडा नाही. बंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार ही वाळवंटातली लांब पल्ल्याची रॅली पुरी करणारा पहिला भारतीय ठरला, ३६ वा आला, आणि २०२१ मध्ये सौदीच्या वाळवंटात पडून कोमात गेला, तिथून परतला. ऐश्वर्या पिसेने २०१९ मध्ये बाहा विश्वचषकात महिलांचा गट जिंकला. केरळचा हरित नोआ २०२४ च्या डकारमध्ये रॅली-टू गटात पहिला आला. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर बंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा शर्यतीत पडून गेला. त्याच्यावर चार दिवस बातम्या आल्या. तेरा वर्षांच्या पोराला ट्रॅकवर कोण उतरवतं, का उतरवतं, घरचे काय विचार करतात, हे शांतपणे विचारणारा माहितीपट आपल्याकडे झालेला माझ्या बघण्यात नाही.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर एक गोष्ट तर दारातच आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे आणि नांदेड, लातूर, बीडच्या कितीतरी घरांची चूल त्याच्या आसऱ्याने पेटली आहे. या बजाजने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम या मोटरसायकल कंपनीत हिस्सा घेतला. २००१ ते २०१९ पर्यंत डकारमधली प्रत्येक मोटरसायकल शर्यत केटीएमने जिंकली, सलग १८. जगातल्या सगळ्यात खडतर शर्यतीतली ही सत्ता आणि वाळूजची शिफ्ट यांच्यात कागदावर एक रेघ आहे. त्या रेघेवरून चालत जाणारा एखादा दिग्दर्शक याच भागातून निघायला हरकत नाही. चित्रीकरणासाठी हेलिकॉप्टर लागणार नाही. शिफ्ट सुटल्यावर गेटमधून बाहेर पडणाऱ्या गाड्या आणि त्यांच्यावरचे चेहरे पुरतील.

आता बघण्याच्या सोयीचं. सुरुवात ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ने करा, घरच्यांबरोबर बसता येईल असा तोच आहे. मग ‘ऑन एनी संडे’, मग ‘क्लोजर टू द एज’, आणि ‘रोड’ सगळ्यात शेवटी. उत्तर आयर्लंडच्या लोकांचं इंग्रजी कानाला लागत नाही, तेव्हा सबटायटल चालू ठेवा. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काही बघू नका, कारण इंजिनाचा अर्धा अभिनय आवाजात असतो. ‘टॉर्क’सारखे निव्वळ धिंगाण्याचे चित्रपट या पुस्तिकेत नाहीत. ते ज्यांना हवेत त्यांना ते आपोआप सापडतात. प्रत्येक टिपणाच्या शेवटी कालावधी दिला आहे, आणि ज्यात अपघाताची थेट दृश्यं आहेत तेही नमूद केलं आहे. पोराला नुकतीच गाडी घेऊन दिलेल्या आईबापांनी ते आधी वाचावं.